ईदची खरेदी : शर्ट महागडा नको, मापाचा हवा

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात दरवर्षी तीच घाई. तरावीहनंतर दुकानात शिरायचं, ट्रायल रूमपुढे रांग म्हणून शर्ट नुसता अंगाला लावून बघायचा आणि पैसे मोजायचे. घरी आल्यावर कळतं, खांदे उतरलेत. तो शर्ट ईदच्या नमाजपुरता वापरला जातो, मग कपाटात. आम्हीही हे केलंय. कष्टाची कमाई अशी अडकून पडते.

आपण बहुधा फसतो ते नंबरात. काही शर्टांवरचा ४० हा कॉलरचा, सेंटिमीटरमधला असतो. काहींवरचा ४० छातीचा, इंचातला. म्हणून नुसत्या नंबरावर विसंबू नये, शर्ट घालूनच पाहावा.

पाहायचं काय? खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यावी. कॉलरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं जावीत. बाही मनगटापर्यंत हवी. हात पुढे घेतल्यावर पाठीत ताण नको.

कमरेचा घेर, लांबी टेलर मास्तर सहज कमी करून देतात. खांद्यासाठी मात्र बाहीच उसवावी लागते. म्हणून खांदा बसला तरच शर्ट घ्या.

कुर्ता शिवणार असाल तर सुती कापड आधी भिजवून, वाळवून द्या. नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं. आणि माप शाबानमध्येच द्या, ऐनवेळी टेलरकडे जागा नसते.

मापाचा शर्ट ईदला तर शोभतोच, उद्या पोराच्या नोकरीच्या मुलाखतीलाही तोच कामाला येतो.