'वाशिम'चे 15 बाइट 30 कसे होतात? डेटाबेसचं एन्कोडिंग बदलण्याआधी हे वाचा

फोनवर एखादी जुनी मराठी साइट उघडता आणि तालुक्यांच्या यादीत वाशिमच्या जागी चिन्हांची विचित्र रांग दिसते. त्यात सारखा सारखा डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए'. आपण फॉन्टला शिव्या घालतो, पण गडबड बऱ्याचदा डेटाबेसमध्ये असते. आणि ती नेमकी 'सुधारणा' करतानाच होते.

यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, काना-मात्राही वेगळी मोजायची. 'वाशिम' म्हणजे व, काना, श, वेलांटी, म: 5 चिन्हं, 15 बाइट. मायएसक्यूएलचं डिफॉल्ट मात्र 2018 मध्ये 8.0 येईपर्यंत लॅटिन-1 होतं, ज्यात 1 बाइट म्हणजे 1 अक्षर. अनेक जुन्या साइट्सनी त्यातच मराठी भरली. डेटाबेसला ती 15 युरोपीय अक्षरं वाटायची, साइट तेच बाइट जसेच्या तसे परत घेऊन 'वाशिम' दाखवायची. दोघांचा गैरसमज जुळला होता, म्हणून काम चालत होतं.

मग कोणीतरी टेबलवर थेट 'कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट यूटीएफ8एमबी4' चालवतं. डेटाबेस इमानदारीत त्या 15 'युरोपीय' अक्षरांचं भाषांतर करतो, प्रत्येकाचे 2 बाइट, एकूण 30. (दीर्घ 'वाशीम' लिहिलं असेल तर 31, कारण त्यातला एक बाइट युरोचं चिन्ह समजला जातो आणि त्याला 3 लागतात!)

बरोबर रस्ता बायनरीतून जातो. आधी बॅकअप. मग कॉलम व्हारबायनरी करायचा, म्हणजे 'हे अक्षर आहे' हा समजच पुसला जातो. त्यानंतर तोच कॉलम यूटीएफ8एमबी4 व्हारकॅर करायचा. बाइट हलत नाहीत, फक्त लेबल बदलतं. तपासायला 'लेंग्थ' आणि 'कॅर-लेंग्थ' ही फंक्शन्स पुरेत: 15 आणि 5 आलं तर ठीक, 30 आणि 15 आलं तर डबल एन्कोडिंग झालंय. तेही दुरुस्त होतं: कॉलम परत लॅटिन-1 करा आणि मग वरचाच रस्ता.

खरा त्रास मंगरुळपीरला होतो. 9 चिन्हं, 27 बाइट. जुना लॅटिन-1 कॉलम 20 चा असेल, तर 'मंगरुळ'चे 18 बाइट बसतात आणि 'प'चे तीनातले दोनच आत येतात. 5.7 च्या आधीचं मायएसक्यूएल डिफॉल्टने फक्त वॉर्निंग देऊन मजकूर कापायचं, त्यामुळे कोणाला कळतही नसे. बायनरीतून यूटीएफ-8 कडे येताना हा अर्धा 'प' एरर देतो. लोक वैतागून स्ट्रिक्ट मोड बंद करतात. करू नका, ती एररच सांगते कुठल्या ओळी आधीच तुटल्या आहेत. अशा ओळी शोधून मूळ कागदावरून नावं पुन्हा भरावी लागतात. गावाचं नाव अंदाजाने पूर्ण करता येईल एकवेळ, माणसाचं आडनाव नाही.

आणि 'वाशिम'च्या जागी पाच प्रश्नचिन्हं दिसली तर? कनेक्शन यूटीएफ-8, कॉलम लॅटिन-1 अशी ती भानगड. तिथे मूळ बाइट उरलेलेच नसतात, डिस्कवर खरोखर प्रश्नचिन्हंच लिहिलेली असतात. कुठलीही कमांड ती परत आणत नाही. जुना बॅकअप असेल तर तोच.