उतरणीचं दुखणं

हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग चढताना दम लागतो, पण मांड्या धरतात त्या समुद्राकडच्या पायऱ्या उतरल्यामुळे, आणि तेही दुसऱ्या दिवशी. असं का? श्रीवर्धनच्या एका वाचकाने विचारलंय. ताजा कलम : मुलाला खेळाडूंच्या दुखापतींवर संशोधन करायचंय.

१९५२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत पाहुण्यांना एक गंमत दाखवली गेली. पाठीला पाठ लावलेल्या दोन सायकली, एकच साखळी. एका धडधाकट तरुणाने पॅडल मारायचं, दुसऱ्या सायकलवरच्या सडपातळ तरुणीने ते रोखायचं. थोड्याच वेळात तरुण धापा टाकू लागला, तरुणी निवांत! प्रयोग ॲबट, ब्रेंडा बिगलंड आणि रिची यांचा. बिगलंडबाईंनी पुढे स्नायूंच्या थकव्यावर मोलाचं काम केलं. आपल्याकडे त्यांचं नाव कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम घेतोय.

कारण पॅडल रोखताना स्नायू ताणला जातो, आणि ताणला जात असतानाच जोर लावणारा स्नायू कमी प्राणवायूत जास्त भार पेलतो. मात्र तो भार मोजक्याच तंतूंवर पडतो आणि त्यांना बारीक इजा होते. पायरी उतरताना मांडीचं नेमकं हेच होतं.

मैदानावरही घात होतो तो अनेकदा वेग रोखताना. बीडचा स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळे याचं गुडघ्यातलं एसीएल हे अस्थिबंधन जुलै २०२५मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर गेलं. कबड्डीत चढाईपटू गर्रकन वळतो, तेव्हा कुणी हात लावलेला नसतानाही गुडघा दगा देऊ शकतो.

यावर महागडी घड्याळं आणि बर्फाचे टब विकणारे पुष्कळ आहेत. पुरावा मात्र एका फुकटच्या व्यायामाकडे आहे. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि पुढे हळूहळू झुकत जायचं. अनेक अभ्यास एकत्र केले, तर या ‘नॉर्डिक’ व्यायामाने मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्या होतात. अडचण एवढीच, की पहिल्या आठवड्यात मांड्या ठणकतात आणि संघ व्यायाम सोडून देतो. खरं तर दुसऱ्या खेपेला दुखणं बरंच कमी असतं. तेव्हा वाचकहो, त्या पायऱ्या पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरा.

मुलाने फिजिओथेरपीची पदवी घ्यावीच. पण डच संशोधक विलेम व्हान मेखेलेन यांनी १९९२मध्ये आखलेल्या दुखापती टाळण्याच्या क्रमाची पहिली पायरी म्हणजे दुखापती मोजणं, आणि त्याला पदवीची वाट पाहायला नको. गावातल्या कबड्डी संघापासून सुरुवात करता येईल. वही घ्यायची आणि लिहायचं : कुठला गुडघा, कितव्या मिनिटाला, चढाईत की पकडीत, मातीवर की मॅटवर, आणि किती दिवस खेळ बंद.