देखाव्यांतील दूरत्व व कालनिर्णय

जुन्या दप्तराबरोबर कधीं कधीं माळरानाचा, नदीकांठाचा अथवा मेंढरांच्या कळपाचा देखावा काढलेला एखादा कागद हातीं येतो. त्यांत दूरची टेकडी लहान व फिकी दिसली कीं, मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ सालीं निघाल्यानंतरचेंच हें काम, असें ठरवून संग्राहक तो बाजूस टाकतात. हा निकष आम्हांस मान्य नाहीं.

स्कॉटलंडचा चित्रकार जेम्स वेल्स १७९२ सालीं पुण्यास आला. इंग्रज वकील मॅलेट याच्या खटपटीनें व सवाई माधवरावांच्या आश्रयानें शनिवारवाड्यांत चित्रशाळा चालली. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हा तींतील नांवाजलेला चित्रकार. त्यानें काढलेलीं वेरूळचीं चित्रें व पर्वतीचा देखावा आज अमेरिकेंत येल येथील संग्रहांत आहेत. म्हणजे दूरत्व दाखविण्याची ही विद्या पेशवाईंतच पुण्यास पोंचली होती.

ती कागदावर ओळखावयाची तर आधीं डोळ्यांनीं शिकली पाहिजे. शिरूर तालुक्यांतील कवठे येमाईसारख्या गांवच्या सपाट माळावर उभें राहून पाहावें. दहा हातांवरचें मेंढरूं जेवढें दिसतें, त्याच्या निम्में वीस हातांवरचें दिसतें. क्षितिज नेहमीं पाहणाराच्या डोळ्यांच्या उंचीवर असतें. म्हणून त्याच्याच उंचीचे धनगर, जवळचे असोत वा दूरचे, त्यांचे डोळे त्या एकाच रेषेवर येतात. पाय मात्र अंतराबरोबर वर सरकतात. मेंढरें सगळीं रेषेखालीं. शिवाय मधल्या हवेमुळें लांबची टेकडी निळसर होते व तिच्यावरील छायाप्रकाश पुसट होतो. नवशिका येथेंच फसतो: टेकडी हिरवी आहे हें त्यास ठाऊक असतें, म्हणून तो ती हिरवीच रंगवितो.

आपले जुने चित्रकार दूरची वस्तु बहुधा वर मांडीत, पण लहान करीत नसत. महत्त्वाचें तें स्पष्ट दिसावें हा त्यांचा हेतु. तें अज्ञान नव्हे.

कागद तपासतांना क्षितिजाच्या रेषेवर, कागदास न टेकवितां, दोरा धरावा. टेकडी निळी, पण सपाटीवरील माणसांचे डोळे दोऱ्यावर येत नाहींत, असें आढळल्यास दोन्ही रीती एकाच हातांत भेटल्या असाव्यात. असा कागद कच्चा म्हणून टाकूं नये. त्याचा काळ कागदाची जात, रंग व पाठीवरील मोडी नोंद यांवरून ठरवावा. चौकटींत बसविण्यासाठीं कडाहि कातरूं नयेत. कडेचा एखादा धनगरच पुष्कळदां त्या रेषेचा पुरावा असतो.