अमेरिकी मोटारवाहने, जुनी (रायगड किनारा)

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व मध्यास अमेरिकेत बनविलेल्या, अथवा तेथील आराखड्यांनुसार भारतात जुळविलेल्या, मोटारगाड्या, जीपगाड्या व मालमोटारी. अशी वाहने हौसेने जतन करून चालती ठेवण्याचा छंद मुंबई व तिच्या लगतच्या प्रदेशात रुजला आहे. रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मात्र या छंदाचा विशेष कस लागतो. खारी हवा, वर्षाला २,००० मिमी.हून अधिक पाऊस आणि खाड्या व खिंडी ओलांडणारे रस्ते यांमुळे येथे वाहनाचे मूळ स्वरूप टिकविणे आणि ते वापरात ठेवणे या दोन गोष्टी पुष्कळदा परस्परविरोधी ठरतात.

इतिहास : जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे शेव्हरोले वाहने जुळविण्याचा कारखाना काढला. फोर्ड कंपनीनेही मुंबईत हा व्यवसाय केला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९४७ पासून क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ, फार्गो इ. नावांची वाहने तयार होऊ लागली. महिंद्र आणि महिंद्र कंपनीने १९४९ मध्ये माझगाव येथे विलीस जीप जुळविण्यास प्रारंभ केला. ज्या कंपन्यांपाशी देशात उत्पादन करण्याची योजना नाही त्यांनी व्यवसाय आवरावा, अशी शिफारस टॅरिफ आयोगाने १९५३ मध्ये केली. त्या सुमारास जनरल मोटर्स व फोर्ड यांनी येथील कारखाने बंद केले. नवी अमेरिकी मोटार दुर्मिळ झाल्याने जुनी मोडीत काढणे परवडेनासे झाले. सुटे भाग लेथवर घडवून किंवा मुंबईच्या भंगार बाजारातून मिळवून गाडी चालविण्याची विद्या याच टंचाईतून वाढली.

यांत्रिक वैशिष्ट्ये : युद्धकालीन विलीस जीपचे एंजिन २,१९९ घ. सेंमी. धारणेचे, चार सिलिंडरांचे व सु. ६० अश्वशक्तीचे असून त्याच्या झडपा सिलिंडरांच्या बाजूस असतात. अशा एंजिनाचा माथा सहज उघडता येतो व दाबगुणोत्तर कमी असल्याने हलके पेट्रोलही त्याला चालते. तथापि निकास झडपांची उष्णता सिलिंडरांच्या ठोकळ्यातच राहत असल्याने चढावर पाणी लवकर तापते. नंतरच्या सीजे-३ बी या जीपमध्ये अंतर्गामी झडपा माथ्यावर नेण्यात आल्या. त्यामुळे एंजिनाची उंची वाढली व या गाडीला तिचे उंच बॉनेट लाभले. तापलेल्या एंजिनाजवळच्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. अशा वेळी पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवून थोडे थांबणे हा चालकांचा जुना उपाय आहे.

अनेक अमेरिकी गाड्यांचे वायपर एंजिनाच्या अंतर्गामी नळीतील निर्वातावर चालतात. ॲक्सेलरेटर पूर्ण दाबला की निर्वात घटतो. त्यामुळे भर पावसात अलिबागजवळची कार्ले खिंड चढताना, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच, ते मंदावतात. क्षणभर पाय उचलला की काच पुन्हा पुसली जाते. विलीस जीप व क्रायस्लर गटाच्या जुन्या गाड्या यांच्या डाव्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसलेला कारागीर नट सैल करण्याऐवजी आवळत जातो आणि अखेर बोल्ट तोडतो.

यांपैकी पुष्कळ वाहनांची विद्युत् यंत्रणा ६ व्होल्टची आहे. तेवढ्याच शक्तीसाठी १२ व्होल्टच्या यंत्रणेपेक्षा दुप्पट विद्युत् प्रवाह लागतो, त्यामुळे गंजलेल्या सांध्याच्या त्याच रोधात चौपट शक्ती वाया जाते. म्हणून किनाऱ्यावर दिवे मंद होण्याची तक्रार आली, की जाणकार प्रथम बॅटरी न बदलता चासीला जोडलेली तार घासून स्वच्छ करतो.

गंज व त्याचे निवारण : पत्र्यावर बसलेले मीठ हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्या खाऱ्या थरात लोखंडाचे क्षरण वेगाने होते. बाहेरचा रंग शाबूत असताना पोकळ भाग आतून पोखरले जातात. युद्धकालीन जीपच्या तळाखालील पन्हळींत लाकडी ठोकळे बसविलेले असत. ते पाणी धरून ठेवीत व त्यांच्याभोवतीचा पत्रा आधी कुजे. चासीचे सांधे गोड्या पाण्याने धुणे, पाणी वाहून जाण्याची भोके मोकळी ठेवणे व पोकळ भागांत तेल फवारणे हे साधे उपाय महागड्या रंगापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

कायदा व जतन : केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीस ५० वर्षे उलटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘विंटेज’ दर्जा मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रु. असून ती १० वर्षे वैध असते. प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती अशा कारणांसाठीच हे वाहन रस्त्यावर आणता येते. चासी, बॉडी वा एंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, ही यातील महत्त्वाची अट होय.

हीच अट येथील अनेक वाहनांना अडचणीची ठरते. पेट्रोल महाग झाल्यावर जीप व मालमोटारींत डीझेल एंजिने बसविण्यात आली. कुजलेले तळ जाड पत्र्याने नव्याने बांधण्यात आले. पुष्कळ वाहने टिकली ती या फेरबदलांमुळेच. काटेकोर दृष्टीने ती मूळ स्वरूपातील नव्हेत, परंतु टंचाईच्या काळात येथील कारागिरांनी काय केले याचा पुरावा त्यांच्यातच आहे. मूळ स्वरूपातील गाडी परदेशातही पाहावयास मिळेल. येथे बदललेली गाडी मोडीत गेली, तर तिच्याबरोबर तो पुरावाही नष्ट होतो. म्हणून अशा वाहनास विंटेज दर्जा मिळो वा न मिळो, कोणता भाग केव्हा, कशाने व का बदलला याची नोंद तिच्या मालकाने ठेवणे हा जतनाचाच एक भाग मानला पाहिजे.