सदनिका विक्रीपूर्व सुधारणा : खर्च, मूल्य आणि निर्णयाचे निकष

प्रस्तावना

सदनिका विकण्याचा निर्णय झाला की बहुतेक कुटुंबांत पाठोपाठ दुसरा प्रश्न उभा राहतो : आधी रंग द्यावा की आहे त्या स्थितीत विकावी? प्रश्न घरगुती वाटतो, म्हणून त्याचे उत्तरही शेजारी, नातेवाईक आणि मध्यस्थ यांच्या सल्ल्यावर सोडले जाते. वास्तविक मध्यमवर्गीय कुटुंबाची राहती सदनिका ही त्याची सर्वांत मोठी मालमत्ता असते आणि ती बहुधा आयुष्यात एकदाच विकली जाते. या व्यवहारात चुकीच्या जागी गेलेले दोन-तीन लाख रुपये भरून काढण्याची संधी सहसा पुन्हा मिळत नाही. प्रस्तुत लेखात पुण्यासारख्या शहरातील सहकारी गृहनिर्माण संस्थेतील जुन्या सदनिकेच्या संदर्भात या निर्णयाचा विचार केला आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. कोथरूडमध्ये १९९२ साली बांधलेल्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन शयनगृहांची सदनिका आहे. मालक निवर्तले असून त्यांच्या पत्नी, एक निवृत्त शिक्षिका, तेथे एकट्या राहतात. मुलगा बेंगळुरूस आणि मुलगी नाशिकला. सदनिकेची अपेक्षित किंमत ९० लाख रुपये धरली आहे.

किंमत कशाची मिळते?

अर्थशास्त्रज्ञ शेरविन रोझेन यांनी १९७४ साली असे मांडले की, घरासारख्या वस्तूची किंमत ही तिच्या अनेक गुणांच्या अंतर्निहित किमतींतून घडते. सदनिकेच्या बाबतीत परिसर, चटई क्षेत्र, मजला, उद्वाहन, वाहनतळ, इमारतीचे वय हे गुण विक्रेत्याच्या हातात नसतात. त्याच्या हातात असतो तो फक्त आतील भाग, आणि त्याचा वाटा मालकाला वाटतो त्यापेक्षा लहान असतो. मुद्रांक शुल्कासाठी वापरले जाणारे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते स्थान, क्षेत्रफळ आणि बांधकामाचे वय पाहतात. स्वयंपाकघरात कडाप्पा आहे की ग्रॅनाइट, याची ते दखल घेत नाहीत. बँकेचा मूल्यनिर्धारकही बहुतांशी याच मार्गाने जातो.

तथापि आतील सुधारणा निरर्थक आहेत असा याचा अर्थ नाही. खरेदीदाराची आर्थिक स्थिती पाहिली की त्यांचे खरे महत्त्व कळते. रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार ३० लाखांवरील व ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जास मालमत्तेच्या मूल्याच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे ९० लाखांच्या सदनिकेसाठी खरेदीदाराला १८ लाख रुपये स्वतः उभे करावे लागतात. पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ६ लाख ३० हजार (महिला खरेदीदारास एक टक्का सवलत) आणि नोंदणी फीचे ३० हजार वेगळे. मुद्रांक व नोंदणीचा खर्च कर्जाच्या हिशेबात धरला जात नाही. जवळजवळ पंचवीस लाख रोख दिल्यावर आलेल्या कुटुंबाकडे न्हाणीघर फोडून घेण्यास पैसे उरत नाहीत. विक्रेत्याने केलेली दुरुस्ती मात्र करारातील किमतीत मिसळते आणि तिचा मोठा भाग कर्जातून फेडला जातो. राहण्याजोग्या घराला थोडी अधिक किंमत मिळते ती या कारणाने. अर्थात, बँकेचे मूल्यांकन करारातील किमतीपेक्षा कमी आले तर ही सोय तेथेच संपते.

दोष आणि शोभा

सुधारणांचे दोन वर्ग वेगळे ठेवणे आवश्यक आहे : दोष दूर करणाऱ्या आणि शोभा वाढवणाऱ्या. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विक्रेत्याला वस्तूची स्थिती ठाऊक आणि खरेदीदाराला नाही अशा बाजारात खरेदीदार सर्वच वस्तूंकडे संशयाने पाहतो. सदनिकेतील ओल हा असाच संशय निर्माण करतो. छतावरील हातभर डाग दिसला की खरेदीदार दुरुस्तीचा खर्च मोजत नाही. न दिसणाऱ्या आणखी किती गोष्टी असतील याचा अंदाज बांधतो आणि खर्चाच्या कितीतरी पट रक्कम किमतीतून मागतो. म्हणून दोषनिवारणाचा परतावा शोभेच्या कामापेक्षा साधारणतः चांगला असतो.

उदाहरणातील सदनिकेत शयनगृहाच्या भिंतीवर क्षारांचा पांढरा थर आला आहे, असे धरू. भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे. येथे पाणी येण्याच्या तीन शक्यता संभवतात : स्वतःच्या न्हाणीघराचा जलरोधक थर निकामी झालेला, भिंतीतील जुना लोखंडी नळ गंजलेला किंवा वरच्या मजल्यावरून गळती. पहिल्या दोन शक्यतांत फरशी उखडून कोबा नव्याने करणे अथवा नळ बदलणे हाच उपाय. तिसरीत संस्थेला लेखी कळवून वरील सदस्यासह दुरुस्ती घडवावी लागते. कारण न शोधता लांबी भरून रंग दिला, तर तो पहिल्याच पावसाळ्यात सुटतो.

येथे कायद्याचीही बाजू आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनही आढळणार नाही असा महत्त्वाचा दोष विक्रेत्यास ठाऊक असल्यास तो उघड करण्याचे कर्तव्य विक्रेत्यावर आहे. ते टाळणे कपट ठरते. ओलीवर दिलेला रंग हा अशा वेळी सुधारणा राहत नाही. जुन्या फ्यूजच्या जागी स्वयंचलित खटके व गळतीरोधक उपकरण बसविणे, खिडक्यांच्या सरकत्या चौकटी दुरुस्त करणे, ठिबकणारे नळ बदलणे ही कामेही दोषनिवारणातच मोडतात आणि त्यांचा खर्च तुलनेने अल्प असतो.

शोभेच्या कामांत पांढऱ्या किंवा फिकट रंगाचा एक हात एवढाच खर्च बहुधा समर्थनीय असतो. ट्रॉल्यांचे नवे स्वयंपाकघर, प्लास्टरचे नक्षीदार छत, भिंतीत बसविलेली कपाटे यांत मालकाची आवड असते, आणि येणाऱ्या कुटुंबाची आवड निराळी निघाली की ती काढून टाकण्याचा खर्चच त्यांच्या हिशेबात येतो. दिवाणखान्यात सज्जा मिसळून घेणे तर अनेकदा उलटते. मंजूर नकाशाशी न जुळणारा बदल बँकेच्या तपासणीत उघड होतो आणि कर्जाचे प्रकरण अडते.

कर आणि कालावधी

चोवीस महिन्यांपेक्षा अधिक काळ धारण केलेल्या सदनिकेवरील भांडवली नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या सदनिकेबाबत निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांची जुनी आकारणीही लाभते. जो कर कमी तो लागू होतो. नफा मोजताना भांडवली स्वरूपाच्या सुधारणेचा खर्च वजा मिळतो, परंतु रंगकाम व किरकोळ डागडुजी सामान्यतः त्यात बसत नाही. १२.५ टक्के दर धरून, उपकर व अधिभार वगळून, ८० हजारांचे रंगकाम विचारात घ्या. त्यामुळे किंमत नेमकी ८० हजारांनी वाढली तर वाढीव रकमेवर १० हजार कर पडतो आणि विक्रेता तेवढ्याने तोट्यात जातो. खर्च भरून निघण्यास वाढ सुमारे ९१,४३० रुपये हवी. नफा मुदतीत दुसऱ्या निवासी घरात गुंतवून सूट घेतली तर हा प्रश्न उरत नाही. भांडवली कामांची पावती व धनादेशाची नोंद जपावी हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. पण रोखीने मिस्त्रीला दिलेले पैसे कोणत्याही हिशेबात धरता येत नाहीत हे पुष्कळांना उशिरा उमगते.

रंगापेक्षाही महाग ठरतो तो वेळ. ९० लाखांवर वार्षिक ७ टक्के व्याज मिळू शकते असे धरले तर प्रत्येक महिन्याची दिरंगाई ५२,५०० रुपयांची पडते. कारागिरांच्या सबबीत गेलेले दोन महिने म्हणजे एक लाख पाच हजार. संस्थेचे मासिक शुल्क निराळे.

कागदपत्रे

उदाहरणातील कुटुंबाने पहिला खर्च भिंतीवर करूच नये. भागपत्र अद्याप दिवंगत पतीच्या नावावर आहे. नामनिर्देशनामुळे संस्थेच्या दप्तरी नाव लागले तरी वारसांचा हक्क नष्ट होत नाही. मृत्युपत्र नसल्यास हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगा व मुलगी तिघेही समान वारस ठरतात. मुलांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा विक्रीकरारावर तिघांच्याही स्वाक्षऱ्या, यांपैकी एक मार्ग आधीच निश्चित झाला पाहिजे. मूळ करारनामा, सूची क्रमांक दोन, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत आणि संस्थेचे थकबाकी नसल्याचे पत्र हाती नसेल, तर चकचकीत घर पाहूनही कर्ज घेणारा खरेदीदार निघून जातो.

इमारतीचे वय

इमारत तीस वर्षे ओलांडून गेली आहे. आदर्श उपविधींनुसार अशा इमारतीची संरचनात्मक तपासणी दर तीन वर्षांनी व्हावयाची असते. तो अहवाल आणि पुनर्विकासाबाबत सर्वसाधारण सभेत झालेली चर्चा खरेदीदार विचारणारच. पुनर्विकासाची प्रक्रिया शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयानुसार पुढे सरकली असेल, तर येणारा खरेदीदार घर विकत घेत नसून भावी चटई क्षेत्राचा हक्क घेतो. त्याच्या दृष्टीने नवी फरशी राडारोड्यात जाणार आहे. अशा संस्थेत ओल थांबविणे, वीज सुरक्षित करणे आणि घर मोकळे करून झाडून ठेवणे पुरेसे असते. पुनर्विकास दूर असेल, तर न्हाणीघराचे काम पावसाळ्यापूर्वी उरकून घर पावसाळ्यात दाखवावे. भिंत कोरडी राहिली आहे हे खरेदीदाराने हात लावून पाहिले की दुरुस्तीची पावती त्याला दाखविता येते.