तान्ह्या मुलाचा श्वास : शिक्षकाने ओळखावयाची खूण

पावसाळ्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या पोफळीसारख्या गावांत दारेखिडक्या दिवसचे दिवस मिटलेल्या राहतात, ओले कपडे चुलीजवळ वाळत पडतात आणि शाळेत सर्दीखोकल्याची साथ सुरू होते. सात-आठ वर्षांच्या मुलाची सर्दी बहुधा आठवड्याभरात ओसरते. परंतु तीच सर्दी त्याच्याकडून पाळण्यातील भावंडास लागली, तर कित्येकदा तिचे रूप पालटते. नाकातून वाहणारी सर्दी छातीत उतरते व बाळास धाप लागते. या विकारास डॉक्टर ‘ब्राँकिओलायटिस’ म्हणतात. मराठीत त्यास सूक्ष्म श्वासनलिकांचा दाह म्हणता येईल. साथीचा एक धागा शाळेतून घरात जातो, यास्तव हा विषय शिक्षकाच्याही कक्षेत येतो.

विकाराचे स्वरूप

हा विकार दोन वर्षांखालील मुलांस, विशेषतः पहिल्या वर्षात होतो. तो विषाणूंमुळे होतो. त्यांपैकी प्रमुख विषाणू आर. एस. व्ही. या नावाने ओळखला जातो. तो 1956 साली अमेरिकेत सर्दी झालेल्या चिंपँझी माकडांत प्रथम आढळला आणि पुढच्याच वर्षी आजारी अर्भकांतही सापडला.

फुप्फुसात शेवटी पोहोचणाऱ्या श्वासनलिका तान्ह्या मुलात फारच अरुंद असतात. त्यांस आतून सूज आली व कफ साचला, की वाट आणखी आवळते. नळीची रुंदी निम्मी झाली तर हवेस होणारा अडथळा सुमारे सोळापट वाढतो, हे गणित ध्यानात घेतले म्हणजे बाळाची दमछाक का होते ते उमगते. आत गेलेली हवा बाहेर पडताना अडते, म्हणून श्वास सोडताना शिटीसारखा बारीक आवाज येतो.

आरंभी दोन-तीन दिवस साधी सर्दी व क्वचित बारीक ताप असतो. नंतर खोकला व धाप लागते. तिसऱ्या ते पाचव्या दिवसांत आजार सर्वांत जोरावर असतो. पुढे उतार पडतो, तरी खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. बहुतेक बाळे घरच्या शुश्रूषेने बरी होतात. थोड्यांस मात्र रुग्णालयात प्राणवायू द्यावा लागतो. ही थोडी बाळे वेळीच ओळखणे, हाच खरा प्रश्न होय.

श्वास मोजणे

त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरते. बाळ शांत किंवा झोपलेले असावे. रडताना वा दूध पिताना मोजू नये. अंगावरील कपडा वर करून पोट व छाती पाहावी. एकदा वर येऊन खाली जाणे, हा एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजावे. तान्ह्या मुलाचा श्वास कमीअधिक वेगाने चालतो, म्हणून पंधरा सेकंद मोजून चौपट करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने ठरविलेल्या मर्यादा अशा :

दोन महिन्यांखालील बाळ : मिनिटास 60 किंवा अधिक (पुन्हा एकदा मोजून खात्री करावी).
दोन महिने ते एक वर्ष : 50 किंवा अधिक.
एक ते पाच वर्षे : 40 किंवा अधिक.

एवढा श्वास भरला, की त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. आजार हा, की फुप्फुसदाह म्हणजे न्यूमोनिया, हा निवाडा डॉक्टरांचा. कोणास न्यावयाचे, एवढे मोजणीने कळते.

हे काम अल्पशिक्षितांसही साधते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील कार्यकर्त्यांस व सुईणींस बालकांतील न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविले. ज्यांस अंक येत नव्हते, त्यांच्यासाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधन तयार केले. 1990 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, पाच वर्षांखालील मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू त्या गावांत दर हजारी 8.1 होते, तुलनेच्या गावांत ते 17.5 होते. तेथील औषध न्यूमोनियाचे होते व आपला विकार निराळा. परंतु श्वासाकडे पाहण्याची दृष्टी एकच.

विलंब न लावण्याची लक्षणे

श्वास घेताना बरगड्यांखालील भाग आत ओढला जाणे, कण्हणे, श्वास मध्येच थांबणे, ओठ वा जीभ निळसर होणे, नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध पिणे, बारा तास लघवी न होणे, बाळ मलूल पडणे. यांपैकी एकही लक्षण दिसल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवून रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांखालील, अपुऱ्या दिवसांचे अथवा हृदयविकार असलेले बाळ असेल, तर लक्षणे वाढण्याची वाट पाहूच नये. वाडी सडकेपासून दूर असल्यास रात्र पडण्यापूर्वीच निघणे हितावह.

घरची शुश्रूषा

अंगावरचे दूध मुळीच बंद करू नये. थोडे थोडे, पण वारंवार पाजावे. बाळ नाकानेच श्वास घेते. नाक चोंदले की त्यास दूध ओढता येत नाही. म्हणून पाजण्यापूर्वी औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे एक-दोन थेंब नाकात सोडून नाक हलकेच पुसावे. विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत. मागील आजारातील उरलेले औषध किंवा खोकल्याचे पातळ औषध मनाने देऊ नये.

काही रूढींविषयी आजीबाईंशी आदराने, पण स्पष्ट बोलले पाहिजे. न्हाऊ घातल्यावर ओवा-धूप टाकून दिलेली धुरी, चुलीचा व विडीचा धूर यांनी सुजलेल्या नलिका अधिकच चिडतात. नाकात घातलेले तेल फुप्फुसात उतरू शकते. एक वर्षापर्यंत मध चाटवू नये. पोटावर डाग देणे तर सर्वथा वर्ज्य समजावे.

शाळेने काय करावे

सर्दी झालेल्या विद्यार्थ्याने घरी जाताच साबणाने हात धुवावेत, खोकताना तोंड झाकावे, बाळाचा मुका घेऊ नये. हे परिपाठात सांगावे. चौथीच्या वर्गात घड्याळाचा पाठ चालू असता मुलांकडून एकमेकांचे श्वास मोजून घ्यावेत. ते मिनिटास वीसच्या आसपास भरतील. मग बाळाच्या मर्यादा फळ्यावर लिहाव्यात. पालकसभेत आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांस बोलावून मातांस हीच मोजणी प्रत्यक्ष दाखवावी. ज्या घरात वाचता येणारी माणसे थोडी आहेत, तेथे चौथीतील ताईने मोजलेला एक मिनिट तिच्या धाकट्या भावास वेळेत दवाखान्यात पोहोचवील.