पायाखालची कळ

शिवणयंत्र अडले की घरात पहिला दोष सुईला मिळतो, दुसरा दोऱ्याला, आणि यंत्राला विजेची मोटार जोडलेली असेल तर तिसरा त्या बिचाऱ्या मोटारीला. चौथा गुन्हेगार मात्र कोणाच्या ध्यानातच येत नाही, कारण तो टेबलाखाली, पायापाशी, धूळ खात पडलेला असतो. दुकानदार त्याला ‘फूट कंट्रोल’ म्हणतात, काही कारागीर ‘रेग्युलेटर’ म्हणतात, आणि बायामाणसे सरळ ‘पायडल’ म्हणून मोकळ्या होतात. मराठीत कळ म्हणजे यंत्र चालू करण्याची युक्ती, आणि कळ म्हणजे वेदनाही. दिवाळीच्या तोंडावर ज्यांच्या घरी ही वस्तू बिघडली असेल, त्यांना हे दोन्ही अर्थ वेगळे समजावून सांगायला नकोत.

पायाचा आणि शिवणयंत्राचा संबंध तसा जुना. अमेरिकेत एलियस हाऊने 1846 मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेतले, ते हाताने फिरवण्याचे होते. पुढे 1851 मध्ये आयझॅक सिंगरने यंत्र पायाने चालवण्याची सोय केली आणि शिवणाऱ्याचे दोन्ही हात कापडासाठी मोकळे झाले. यंत्रांविषयी एरवी साशंक असणाऱ्या गांधीजींनीसुद्धा 1924 मध्ये बोलताना सिंगरच्या यंत्राला अपवाद म्हणून मानाचे पान दिले होते. मोटार आली तेव्हा पायाचे कष्ट गेले, पण अधिकार राहिला. आता पाय बळ देत नाही, हुकूम देतो. हुकूम नीट पोचला नाही की काय होते, ते मी पिंपळगाव राजाला पाहिले.

पिंपळगाव राजा हे बुलढाणा जिल्ह्यातले, खामगाव तालुक्यातले गाव. तिथे माझ्या थोरल्या वहिनी शिवणकाम करतात. हौस म्हणून सुरू झालेले काम आता घराचा एक खांब झाले आहे. धाकट्या मुलाची फी त्यातूनच जाते. दिवाळीआधीचे पंधरा दिवस म्हणजे त्यांचा सुगीचा काळ. मी गेलो तेव्हा पंधरा-वीस ब्लाउज कापून ठेवलेले, गिऱ्हाइकांचे निरोपावर निरोप, आणि मोटारीला मात्र वारे भरलेले. पाय उचलला तरी ती थांबेना. आदल्या दिवशी वहिनी सुईत दोरा ओवत होत्या, पाय जमिनीवर होता, आणि यंत्र आपोआप फिरले. सुई तर्जनीच्या नखाला चाटून गेली. केसभर इकडे झाली असती तर बोटातूनच आरपार जाती.

“भाऊजी, नवी मोटारच आणा खामगावहून,” वहिनी म्हणाल्या. घरातल्या सर्वांचे तेच मत होते. गावातल्या मिस्त्रींना तेवढे बोलावून पाहू, असे ठरले.

मिस्त्री म्हणजे साठीचा गृहस्थ. बोलणे थोडे, बघणे फार. त्यांनी आल्या आल्या प्लग काढला आणि हाताने चाक फिरवून पाहिले. चाक जड फिरत असते तर दोरा शटलमध्ये अडकला आहे किंवा तेल आटले आहे, आणि उगाच मोटारीवर शिक्का बसतो. चाक हलके होते. मग मोटारीचे कार्बन ब्रश पाहिले; ते झिजले की ठिणग्या उडतात आणि मोटार अडखळते. तेही ठीक होते. शेवटी शेजारच्या घरातले त्याच बनावटीचे पायडल आणून जोडले. मोटार शहाण्या मुलीसारखी चालली आणि थांबली.

“मोटार त साजरी हाय, ताई,” मिस्त्री म्हणाले. “पायातलंच बिघडलं.”

त्यांनी वहिनींचे पायडल उघडले तेव्हा मी प्रथमच त्याचे पोट पाहिले. चिनी मातीच्या खोबणीत कार्बनच्या पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. पाय दाबला की त्या एकमेकींना घट्ट भिडतात, विजेचा विरोध कमी होतो, मोटार वेग घेते. पाय सैल केला की विरोध वाढतो आणि वेग उतरतो. पाय पुरता उचलला की स्प्रिंग संपर्कपट्टी दूर सारते आणि वीज तुटते. काही पायडलांत चकत्यांऐवजी विरोधाची तार असते, तिचा वेग पायरीपायरीने वाढतो. अलीकडच्या कित्येकांत इलेक्ट्रॉनिक पट्टी असते. वहिनींच्या पायडलातली स्प्रिंग गंजून सैल पडली होती आणि ठिणग्यांनी संपर्कपट्टी जागेवरच चिकटली होती. चकत्याही काही ठिकाणी भुरभुरलेल्या. शिवाय आत कापडाच्या तुसांची चांगली गादी जमलेली. चकत्या चालताना तापतात, त्यांच्याभोवती ही गादी म्हणजे आगीला आमंत्रणच.

मोटार आपोआप फिरण्याचे आणखी एक कारण असते, ते गमतीचे आहे. पुष्कळ पायडलांत एक छोटा कंडेन्सर बसवलेला असतो. तो शिवणाऱ्यासाठी नसतोच. शेजाऱ्याच्या रेडिओवर खरखर होऊ नये म्हणून असतो! तोच आतून जोडला गेला तर पाय उचललेला असूनही वीज वाहत राहते.

आता दुरुस्ती की नवे? मिस्त्रींचा न्याय मला पटला. वायर पायडलात शिरते तिथे वाकून वाकून आतून तुटते; यंत्र मध्येच बंद पडते, वायर हलवली की चालते. हे दुखणे साधे. तुटका भाग कापून वायर पुन्हा जोडली आणि तिला ताण बसणार नाही अशी पक्की केली की झाले. संपर्कपट्टी काळवंडली असेल तर बारीक पॉलिश कागदाने साफ होते. पण चकत्या भुरभुरल्या, तर काही जण मोकळ्या जागेत लोखंडी वॉशर भरून वेळ मारून नेतात. मग विरोध कमी पडतो, पाय लागताच यंत्र उधळते. झाकणाला तडा गेला असेल तर चिकटपट्टी लावून वापरणे हा शुद्ध वेडेपणा; आतली वीज 230 व्होल्टची असते आणि आपल्याकडे शिवणारी बाई पुष्कळदा अनवाणी, ओल्या फरशीवर बसलेली असते. अशा वेळी नवेच घ्यावे. नवी मोटार घेण्याच्या मानाने तो खर्च किरकोळ.

नवे घेताना जुने पायडल सोबत न्यावे. मोटारीच्या पट्टीवरचे व्होल्ट आणि अँपिअर, आणि प्लगच्या पिना जुळल्या पाहिजेत. संगणकीय शिवणयंत्रांचा संसार निराळा. त्यांतल्या अनेकांचे पायडल मोटारीची वीज वाहत नाही, नुसता इशारा देते. तिथे त्या यंत्राचेच पायडल लागते, बाजारातले कोणतेही चालत नाही.

नवे पायडल खामगावहून यायला दोन दिवस लागले. तेवढ्यात वहिनींचे काम थांबले नाही, कारण भारनियमनाच्या वर्षांत लागलेल्या सवयीने त्यांनी जुन्या पायट्याचा चामडी पट्टा टाकून दिला नव्हता. मोटारीचा रबरी पट्टा उतरवला, चामडी चढवला, आणि पायाने यंत्र सुरू. पोटऱ्या भरून आल्या, पण ब्लाउज वेळेवर गेले.

आता त्या दोरा ओवण्याआधी प्लग काढतात. काम संपले की पायडल जमिनीवर न ठेवता खुंटीवर टांगतात, कारण कपड्यांचे गाठोडे त्यावर पडले तरी मोटार चालू होते. नातवंडांना मात्र त्या लोंबत्या पायडलाचा झोका करण्याची फार इच्छा असते, त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.